डिंक्यावरच्या लेखाचं बारसं

आमच्या शेतकी खात्यात लेख लिहायला कुणाची परवानगी लागत नसे. त्याला नाव द्यायला मात्र लागे. नोकरीला लागून बरीच वर्षं झाली तरी हे मला ठाऊक नव्हतं, कारण तोवर मी लिहिण्याजोगं काही शोधलंच नव्हतं. झाडांचे बुंधे मोजायचे, रोगट पानं दाबून कागदावर चिकटवायची, साहेब येणार असले की प्लॉटातलं गवत काढून घ्यायचं, यात दिवस जायचा. ही दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची गोष्ट. नागपूरच्या धरमपेठेत तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त होती. तिथून मी सायकलीने ऑफिसात जायचो, आणि उन्हाळ्यात पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असायचा. तो वाळेपर्यंत मी पंख्याखाली काही न करता बसायचो. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात सुखाची घटका.

शोध म्हणावा असा एकच माझ्या हाताला लागला, आणि तोही काही आभाळातून पडला नाही. नागपुरी संत्र्याचं झाड एकट्याचं नसतं. खाली जंबेरीचा, म्हणजे एका रानटी लिंबाचा, खुंट असतो, त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला असतो, आणि दोघांचा सांधा जमिनीपासून थोडा वर असतो. जंबेरीच्या सालीला ओल सोसते, संत्र्याच्या सालीला सोसत नाही. पण काटोलकडचे लोक कलम लावताना तो सांधा मातीत गाडायचे आणि वरून बुंध्याशी आणखी माती चढवायचे. मोटेचं पाणी त्या मातीत मुरायचं. झाड ऐन उमेदीत आलं की बुंध्यातून डिंक गळायला लागायचा, पानं पिवळी पडायची, फांद्या शेंड्याकडून वाळत यायच्या. लोक त्याला डिंक्या म्हणत आणि नशिबावर सोडून देत. मी काही वर्षं बगीचे पालथे घातले, झाडांच्या बुडाशी उकिडवा बसून माती उकरली, आणि पुन्हा पुन्हा तेच पाहिलं. सांधा मातीत गेलेला, तिथे डिंक. सांधा उघडा, तिथे झाड ठणठणीत. अपवाद होते, पण बोटावर मोजण्याइतके.

या शोधाची सगळ्यात जास्त गरज ज्यांना होती ते माझे मामा. काटोलच्या अलीकडे त्यांचं गाव. वडील लवकर गेले, तेव्हा मला आणि आईला त्यांनीच घरी नेलं आणि मला शिकवलं. मामांना मुलीच, त्या सासरी गेलेल्या. त्यांचा जुना बगीचा थकला होता आणि विहिरीच्या अंगाच्या वावरात त्यांना नवा लावायचा होता. कलमं तयार होती. मी त्यांना म्हटलं, "मामाजी, डोळा मातीच्या वर ठेवा. वीतभर वर. माती बिलकुल चढवू नका."

"काहून?"

"ओल लागली का साल सडते. मंग डिंक येते."

मामा हसले. "माह्या बापानं माती लावली, म्या लावली. बुडाशी माती नसली त झाड पोरकं दिसते गा. आन् तू म्हनतं उघडं ठेवा."

"मी पाहून राहिलो ना इतक्या वर्षांपासून."

"तू पाहून राहिला, ते मले मान्य आहे. पन मले छापलेलं आनून दाखव. सरकारचा छाप पाह्यजे त्याच्यावर. तुह्या तोंडच्या गोष्टीवर बगीचा लावला त गाव हासन मले. म्हनन, भाचा शिकला आन् बुढा येडा झाला." मग थोडं थांबून म्हणाले, "लावनी पुढच्या साली करतो. तुह्यासाठी थांबतो. पन लवकर आन. हा माहा शेवटला बगीचा आहे, ह्याची फळं मले माह्या दातानं खाची आहेत."

म्हणून मी लेख लिहायला बसलो. लेख इंग्रजीत होता, पण त्याचं नाव इथे मराठीतच सांगतो, म्हणजे माझं दुखणं नीट कळेल. मी दिलेलं नाव असं होतं: 'कलमाचा सांधा मातीत गाडल्याने संत्र्याला डिंक्या होतो.' घरी बायकोला मराठी करून वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग आतमंधी काय लिहिलं आहे? सगळं त नावातच सांगून टाकलं तुम्ही."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. नंतर लक्षात आलं की याहून मोठी तारीफ त्या लेखाची पुढे कुणी केली नाही. संत्रेवाल्याला लेख वाचायला वेळ नसतो. ज्याला नुसत्या नावावरूनच कळलं की माती काढायची, त्याचं काम झालं. बाकी सगळं पुराव्यासाठी.

आता खात्यातली रीत सांगतो. लेख तयार झाला की त्याच्यावर एक कोरी चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. प्रत्येक अधिकारी आपापल्या पेन्सिलीने नावात दुरुस्ती करायचा. चिठ्ठी तशीच पुढे पाठवली तर त्याने लेख वाचलाच नाही असं समजलं जायचं, म्हणून प्रत्येकाला काहीतरी लिहावंच लागे. आणि आधीच्या अधिकाऱ्याचा शब्द खोडला तर तो त्याचा अपमान, म्हणून लेख लिहिणाऱ्याचा सोडला तर कुणी कुणाचा शब्द खोडत नसे. तेव्हा राहिलं काय? फक्त घालणं. आमच्याकडे बारशाला प्रत्येक आत्या आपलं नाव बाळाच्या कानात सांगते, पण हाक शेवटी एकाच नावाने मारतात. इथे सगळ्या आत्यांची नावं एकापुढे एक लिहून तेच बाळाचं नाव ठरायचं.

पहिल्या टेबलावर माझ्या वरचे वनस्पतीवाले होते. त्यांनी 'संत्र्याला' च्या जागी 'संत्र्याच्या काही झाडांना' केलं. म्हणाले, "सगळी झाडं थोडीच पाहिलीत तुम्ही?" नव्हतीच पाहिली. दुसऱ्या टेबलावर मातीचे तज्ज्ञ. सज्जन गृहस्थ, डब्यातलं लोणचं मला आग्रहाने द्यायचे. त्यांनी लोणचं दिलं आणि 'काळ्या व मध्यम जमिनीतील' हे शब्दही दिले. "मुरमाड जमिनीत खणलंत का? नाही ना? मग?" तिसऱ्याने 'मध्यप्रांतातील, विशेषतः काटोल तहसिलीतील' घातलं, कारण मौद्याच्या बाजूच्या बगीच्यांत मी गेलो नव्हतो. चौथे रोगांचे तज्ज्ञ. त्यांनी माझं 'होतो' बोटाने दाबून धरलं, जणू ते पळून जाईल.

"होतो? तुम्ही होताना पाहिलाय?"

"झालेला पाहिलाय."

"बघा. म्हणजे मातीमुळेच झाला हे तुम्हांला कोणी सांगितलं? कदाचित ज्या झाडाला होणार होता, त्यालाच मालकाने जास्त माती घातली असेल, आधार म्हणून." आणि त्यांनी 'होतो' च्या जागी 'यांमधील संभाव्य संबंधाविषयी काही निरीक्षणे' असं लिहिलं.

मला त्या माणसाचा संताप आला, आणि संतापाच्या खाली हेही कळत होतं की त्यांचं म्हणणं खोटं नाही. यातच सगळी मेख होती. त्या चिठ्ठीवरचा एकही शब्द खोटा नव्हता. एखादा तरी मूर्खपणाचा असता तर मी भांडून काढायला लावला असता. पण खऱ्या शब्दांशी माणूस भांडणार कसा? ते एकेक येऊन बसत गेले आणि माझं वाक्य त्यांच्याखाली दबून गेलं.

चिठ्ठी शेवटी साहेबांकडे गेली. साहेब म्हातारे, उन्हाने तांबडे झालेले, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. वाईट माणूस नव्हता. मला समोर बसवून त्यांनी दुसऱ्या प्रांतातल्या कुणाची तरी हकीकत सांगितली. त्या गृहस्थाने लेखाच्या नावात ठणकावून काही विधान केलं होतं. ते चुकीचं निघालं, आणि मरेपर्यंत लोक त्याला त्या नावावरून ओळखत राहिले. "नम्र नाव ठेवणाऱ्याला कुणी खोटं पाडू शकत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पण त्याला कुणी खरं तरी कसं मानावं?"

माझा आवाज चढला होता. साहेब हसले, 'तुम्ही तरुण आहात' म्हणाले, आणि शेवटी आपल्या निळ्या पेन्सिलीने 'एक प्राथमिक टिपण' एवढं लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली. नाव आता असं झालं होतं:

'मध्यप्रांतातील, विशेषतः काटोल तहसिलीतील, काळ्या व मध्यम जमिनीतील संत्र्याच्या काही झाडांवरील डिंक्या रोग व कलमाच्या सांध्याची खोली यांमधील संभाव्य संबंधाविषयी काही निरीक्षणे : एक प्राथमिक टिपण.'

मी सहज हार मानली असं कुणी समजू नये. मी चिठ्ठी घेऊन पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरलो. हात जोडले, मामांचा बगीचा सांगितला, लावणीचे दिवस जवळ आले हे सांगितलं. सगळे कळवळले. वनस्पतीवाले म्हणाले, "माझा शब्द काढायला माझी ना नाही, पण आधी मातीवाल्यांना त्यांचा काढू द्या." मातीवाल्यांनी लोणचं पुढे केलं आणि म्हणाले, "रोगवाल्यांनी 'संभाव्य' काढलं तर मी आत्ता काढतो." रोगवाले म्हणाले, "साहेबांनी निळ्या पेन्सिलीने लिहिल्यावर आता मी खाली हात लावणं बरं दिसणार नाही." साहेब दौऱ्यावर गेले, मग उन्हाळ्यासाठी पचमढीच्या थंड हवेला गेले. मी टेबलाटेबलांवर जात राहिलो. त्यांना माझा कंटाळा आला, आणि त्याच्या आधीच मला माझा आला होता. संध्याकाळी सायकल चालवताना पाय उचलत नसत. बायको विचारायची, "झालं का नाव?" आणि मी नुसती मान हलवायचो. तिने पुढे विचारणं सोडलं.

ती लावणी हुकली. काटोलहून बाजाराला येणाऱ्या लोकांबरोबर मामा निरोप पाठवायचे, "छापलं का म्हना." पुढच्या लावणीच्या थोडं आधी लेख छापून आला. मुखपृष्ठावर नाव एवढं लांब होतं की त्याने निम्मं पान खाल्लं होतं, आणि वर सरकारी छाप होता. निदान छाप तरी आहे, असं म्हणून मी काटोलची मोटार पकडली.

मामांच्या ओसरीवर गावातली चार शहाणी माणसं जमली होती. मामांनीच बोलावली होती, भाच्याचं छापलेलं दाखवायला. अंगात धुतलेली बंडी होती. कागद हातात घेऊन त्यांनी आधी छापावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. मग शाळेच्या गुरुजींकडे दिला. गुरुजींना इंग्रजी येत होतं, आणि मी मध्ये बोलू नये असं मामांचं म्हणणं पडलं. "तू त तुह्याच बाजूनं सांगशीन."

गुरुजींनी नाव वाचलं, आणि मग एकेक तुकडा घेऊन मराठीत सांगायला लागले. अर्ध्यात त्यांना दम लागला, तेव्हा पाणी आणून दिलं. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. 'काही झाडां'वर त्यांच्या भुवया जवळ आल्या. 'संभाव्य' म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं. 'प्राथमिक टिपण' पण विचारून घेतलं. मग कागद गुरुजींकडून परत घेतला.

"म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "सरकारलेच नक्की नाई."

"आत सगळं साफ लिहिलं आहे मामाजी. आत पाहा ना."

"आतमंधी कोन पाह्यते गा? दुकानाच्या पाटीवर 'बहुतेक किराना' लिहिलं त तू आत जाशीन का?"

लोक हसले. मामा हसले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी दोन वर्षं फुकट घालवली होती, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. माझे कान तापले. मी म्हटलं, "मामाजी, नावाचं सोडा. मी सांगून राहिलो, नक्की आहे. डोळा मातीत गेला त झाडं मरतीन."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. एका बाजूला त्यांनी वाढवलेला भाचा, दुसऱ्या बाजूला सरकारचा छाप, आणि दोघांचं म्हणणं वेगळं. असा पेच मीच त्यांच्या दारात आणून ठेवला होता, आणि मला तो आधी दिसला नव्हता. ते उठले, कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाले, "निम्मी तुह्या रीतीनं लावतो. निम्मी माह्या रीतीनं. तुहा मान राह्यला, बापाचा बी राह्यला."

विहिरीजवळची निम्मी, चांगल्या जमिनीतली, त्यांनी आपल्या रीतीने लावली. सांधा गाडला, माती चढवली, वरून हाताने थापली. पलीकडच्या धुऱ्याकडे, बांधालगतच्या हलक्या जमिनीत, सांधा उघडा ठेवून माझी लावली. लावणी होईपर्यंत मी तिथेच होतो. विहिरीकडची झाडं खरोखरच जास्त नीटनेटकी दिसत होती, आणि माझी थंडीत उघडी निजवलेल्या लेकरांसारखी.

खात्यात ही गोष्ट सांगितली तेव्हा रोगवाल्यांचे डोळे चमकले. एकच वावर, एकच मालक, एकच पाणी, निम्मी अशी निम्मी तशी. "याहून चांगला प्रयोग मागून मिळायचा नाही," ते म्हणाले. मलाही तसं वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःची किळस आली. पुढची वर्षं मी मामांकडे जायचो तेव्हा आधी विहिरीकडे जायचो. झाडं हिरवीगार असली की बरं वाटायचं. मी चुकीचा ठरावा अशी मनापासून इच्छा धरून मी त्या बांधावरून किती वेळा फिरलो असेन. माणसाने आयुष्यात एकच शोध लावावा आणि तो खोटा निघावा म्हणून देवाला हात जोडावेत, असा माझा संसार.

झाडं पहिल्या बहराला आली त्या साली मी गेलो तर मामा ओसरीवर नव्हते. मामी म्हणाली, "वावरात आहेत. सकाळपासून तिथंच बसून राहिले." मी गेलो. ते विहिरीकडच्या एका झाडाशी बसले होते. बुडाची माती त्यांनी हाताने उकरून काढली होती आणि चाकूने बुंध्यावरचा डिंक खरवडत होते. मला पाहून त्यांनी चाकू पुसला आणि ते पुढच्या झाडाकडे सरकले. मीही धोतर खोचून माती काढायला लागलो. आम्ही दोघांनी त्या दिवशी सगळ्या ओळी उघड्या केल्या. काही झाडं त्याने तगली. बरीचशी पुढच्या दोन उन्हाळ्यांत वाळली. धुऱ्याकडची माझी झाडं फळांनी वाकली होती, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

एव्हाना लढाई सुरू झाली होती. साहेब केव्हाच विलायतेला गेले होते, वनस्पतीवाले निवृत्त झाले होते, आणि चिठ्ठी फिरवायला कुणाला फुरसत नव्हती. मी दुसरा लेख लिहिला, पुन्हा तेच पहिलं साधं नाव घातलं आणि नव्या साहेबांपुढे ठेवला. ते आपल्यातलेच होते. त्यांनी नाव वाचलं, "ठीक आहे," म्हणाले आणि दुसरा कागद ओढला. मी खुर्चीवरून उठायला विसरलो. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणखी काही?"

त्या लेखाचं मराठी पत्रकही निघालं. काटोलच्या बाजारात लोकांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं. मी एक प्रत मामांकडे घेऊन गेलो. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून नाव मीच वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग मी म्हटलं, "मामाजी, विहिरीकडचं वावर मोकळं आहे. परत कलमं लावू. मी घेऊन येतो."

"आता लावून खाईन कवा गा? पाच-सहा सालं लागतेत फळाले." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. त्या वावरात त्यांनी तूर पेरून टाकली होती. धुऱ्याकडची संत्री मामीने ताटात सोलून ठेवली होती. मामांनी एक फोड तोंडात टाकली, बिया हातावर काढल्या आणि माझ्याकडे वळले.

"हे एवढंच होतं त मंग तवा काहून नाई लिहिलं?"

विचारताना त्यांचा आवाज साधा होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला सगळी कारणं पाठ होती, कुणी कोणता शब्द का घातला ते मी झोपेतही सांगितलं असतं. मी ताट त्यांच्या बाजूला सरकवलं. मामा उत्तराची वाट पाहत बसले होते.